खिंडीतली पेन्सिलीची रेघ

अण्णा,

आज सकाळी तुमचा नकाशा पुन्हा जेवणाच्या टेबलावर पसरला. कोपरे दाबायला तुम्ही घ्यायचात तीच वजनं घेतली: बत्ता, साखरेचा डबा, माझा शब्दकोश आणि लोणच्याची बरणी. संदीप चहाचा कप घेऊन आला आणि विचारलं, "मी कप कुठे ठेवू?" मी म्हटलं, हातात धर. तुम्हीही हेच म्हणाला असतात, फक्त जरा जोरात.

तुम्हाला जाऊन बावीस दिवस झाले. पेपरात काय छापायचं ते छापून झालं, त्यात तुमचं वय चुकलं, ते तुम्हाला आवडलं असतं कारण दोन वर्षांनी कमी आहे. लोक येऊन गेले. आता घरात आवाज कमी आहे आणि मला तुमच्याशी भांडायचं आहे. भांडण जुनं नाही. तुम्ही गेल्यानंतर, बाराव्या दिवशी सुरू झालंय. म्हणून हे लिहिते आहे.

वाचनालयात रविवारी प्रदर्शन आहे. सोपाऱ्याच्या बंदरातून निघून तुंगारेश्वरच्या डोंगरातून पलीकडे जाणारा जुना व्यापारी रस्ता, तुम्ही शोधलेला आणि तुमच्या हाताने काढलेला, भिंतीच्या मधोमध लावणार आहेत. उद्या फ्रेमवाला न्यायला येईल. ग्रंथपालांनी परवा नकाशा पाहिला आणि म्हणाले, "मॅडम, बाकी सगळं शाईत आहे, खिंडीतलं तेवढंच पेन्सिलीत राहिलंय. तेवढं गिरवून घ्या, काचेमागून दिसणार नाही." मी हो म्हटलं. दोन दिवस झाले, पेन उघडून बसते आणि पुन्हा टोपण लावते.

आपण बोलायला लागलो तेच मुळी या रस्त्यामुळे. मी नगरकडची, तुम्ही नायगावच्या खाडीकाठचे. संदीपशी लग्न झाल्यावर दहा-बारा वर्षं आपलं बोलणं म्हणजे "अण्णा, जेवायला चला" आणि "मीठ दे, बाय" एवढंच. सासूबाई होत्या तोवर त्या मध्ये बोलायच्या. त्या गेल्या आणि आपण दोघं एका फ्लॅटमध्ये दोन भाडेकरूंसारखे राहू लागलो. तुम्ही मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. सर्व्हेअरच्या पुढे मोजणीची साखळी ओढत आयुष्य गेलेलं. मी शाळेत इतिहास-भूगोल शिकवणारी. आपल्याला एकमेकांशी बोलण्यासारखं काही असेल असं दोघांपैकी कुणालाच वाटलं नव्हतं.

मग एका मुलीने वर्गात विचारलं, "मॅडम, रोमच्या जहाजांतून माल सोपाऱ्याला उतरला, मग पुढे कसा गेला?" बैलांच्या पाठीवरून, मी म्हटलं. "कुठल्या रस्त्याने?" मी म्हटलं, पुढचा धडा काढा. रात्री जेवताना संदीपला ही माझी फजिती सांगत होते. तुम्ही बोंबलाचा काटा काढता काढता थांबलात. "वाट हाय ना," तुम्ही म्हणालात. "मोजनीला जायचो तवा म्हातारे लोक दाखवायचे. रविवारी सुट्टी हाय ना तुला?"

त्या रविवारी आपण घरातून चालत निघालो. तुमच्या खिशात मूठभर चिंचोके. शंभर पावलं झाली की एक चिंचोका उजव्या खिशातून डाव्या खिशात. मी फोन काढला तर तुम्ही म्हणालात, "त्यो ठेव आत. तुझा फोन परवा पाव्हण्यांना गटारापाशी सोडून आला." आचोळ्याच्या इमारतींमागून तुम्ही मला खाचरं दाखवत चालला होतात, जी आता नाहीत. इथे बांध होता, इथे खाडीचं पाणी थोपवायचे, या दुकानाखाली उतार आहे. आपण दोघं वाकून रस्त्याकडे पाहतोय म्हटल्यावर एक बाई गॅलरीतून ओरडल्या, "ओ साहेब, आमच्या विंगला पाणी कधी येणार?" तुम्ही गंभीरपणे म्हणालात, "इचारतो." पुढल्या गल्लीपर्यंत मी हसत होते.

तुमची शोधायची रीत मला कुठल्या पुस्तकात मिळाली नसती. तुम्ही खाली पाहतच नव्हता. "दगड मागून बघ," म्हणायचात. "आधी बैलाला इचार. पाठीवर ओझं घेतलेला बैल कुटून जाईल? त्याला घाई नसते. त्याला पानी पायजे, सावली पायजे, आन् चढ नको." मग हायवे ओलांडून, वनखात्याच्या चौकीवर नाव लिहून आपण डोंगरात शिरायचो आणि बैलाला विचारत हिंडायचो. नऊ वर्षांत सापडलं ते एवढंच: कातळात खोदलेल्या चार पायऱ्या, गाळाने भरलेलं एक टाकं, आणि एका उतारावर, वाट खचू नये म्हणून कडेने लावलेले दगड. ते दोन हजार वर्षांचे की दोनशे, कोण सांगणार. मी वहीत मोठमोठे तर्क लिहायची. तुम्ही तुमच्या वहीत एकच शब्द लिहायचात: "जुनं." त्याहून जास्त आपल्याला ठाऊक नाही, म्हणायचात, तर लिहायचं कशाला?

असे तुम्ही. सख्ख्या भावाच्या शेताची मोजणी निघाली तेव्हा हद्दीची खुंटी वीतभर सरकवा म्हणून तो घरी येऊन बसला होता. तुम्ही साखळी ताणली आणि खुंटी जिथे यायची तिथेच ठोकली. तो मग कितीतरी वर्षं आपल्या दारावरून मान फिरवून जायचा. हे मला सासूबाईंनी सांगितलं होतं. तुम्ही कधी विषयसुद्धा काढला नाहीत.

म्हणूनच मला राग आलाय, अण्णा.

खिंडीवरून आपलं भांडण होतं. मी म्हणायची, रस्ता वरच्या खिंडीतून गेला असणार. तिथून दोन्हीकडचं दिसतं. तुम्ही म्हणायचात, डोंगराच्या खालच्या सोंडेला वळसा घालून. "खिंडीला चढ बघ की. तू बिन ओझ्याची चढतेस तर तुला धाप लागते." हा वाद दोन पावसाळे पुरला. संदीप म्हणायचा, तुम्ही दोघं पालिकेची निवडणूक लढवा.

मग माझे वडील गेले. नगरला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्यांचा चेहरा मी पाहिला नाही. परत आले आणि शाळा, स्वयंपाक, पेपर तपासणं, सगळं नीट करत राहिले, पण रविवारी बाहेर पडणं बंद केलं. चार महिन्यांनी एका शनिवारी माझे बूट घासून दारात ठेवलेत, एवढंच. सकाळी ते पाहिले आणि नाही म्हणवेना.

त्या दिवशी आपण खिंडीतून गेलो. माझं मन राखायला गेलो, हे मला तेव्हाही कळत होतं. आणि तिथे कारवीच्या झुडपांत मला ते दगड दिसले. तीन दगड एकावर एक, शेवाळलेले. पुढे गेले तर पुन्हा तीन. पुन्हा पुढे तसेच. मी अशी ओरडले की तुम्ही काठी टाकून धावत आलात. तुम्हाला वाटलं साप. मी तुम्हाला पावलं मोजायला लावली. चारशे पावलांवर एक ढीग. पुढचा पुन्हा चारशेवर, दोन पावलं कमी. मी तिथे उभी राहून तुम्हाला अख्खं व्याख्यान दिलं. रोमन लोक त्यांच्या रस्त्यांवर ठरावीक अंतराने मैलाचे दगड लावायचे, इथे त्यांचा माल यायचा, त्यांच्याच कुणी व्यापाऱ्याने आपल्या लोकांना ही पद्धत शिकवली नसेल कशावरून? तुम्ही मान खाली घालून खिशातले चिंचोके चाचपत होतात. तुमचे खांदे हलत होते. मला वाटलं, म्हातारा गहिवरला.

"अंतर कसं अगदी बरोबर येतंय बघा," मी म्हटलं.

"बरोबरच येनार," तुम्ही म्हणालात.

आणि मग, ज्या माणसाने दोन वर्षं माघार घेतली नव्हती, तो मान डोलावून म्हणाला, "बरं बाय. तू म्हनतेस तर असंल खिंडीतूनच." डोंगर उतरेपर्यंत मी एकटीच बोलत होते. घरी येऊन मी पुरणपोळी केली. संदीप तुम्हाला विचारत होता, आज काय आहे? तुम्ही म्हणालात, "सून जिंकली हाय. गप खा."

बाराव्या दिवशी नंदाखालहून इनासकाका आले. तुमच्याबरोबर साखळीचं दुसरं टोक धरणारे. केळीचा घड घेऊन आले, तुमच्या फोटोपुढे उभे राहिले, कपाळापासून छातीपर्यंत क्रूस केला आणि शेजारच्या फोटोकडे पाहत राहिले. तिथे मी आहे, खिंडीतल्या दगडांशेजारी, गड जिंकल्यासारखी. इनासकाकांच्या घरची बोली मला कळत नाही, पण माझ्याशी ते ऑफिसातलं मराठी बोलतात.

"हे फ्रेम केलं तू?" ते म्हणाले.

"आमचा सगळ्यात मोठा शोध आहे तो, काका."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "अगं, हे आमचे दगड," ते म्हणाले.

मला कळेना. तुम्हाला दोघांना नोकरी लागली त्याच्या दुसऱ्या वर्षी वनाच्या हद्दीची मोजणी निघाली होती म्हणे. धुकं इतकं की साहेबाला आपलेच बूट दिसत नव्हते. परतीची वाट चुकू नये म्हणून तुम्ही दोघं दर दहा साखळ्यांवर तीन दगड रचत गेलात. साखळी शंभर फुटांची. दहा साखळ्या म्हणजे तुमची चारशे पावलं.

"अण्णांना आठवलं नसेल," मी म्हटलं. माझा आवाज मलाच लहान वाटला.

"आठवलं नसेल? दुसऱ्या दिवशी माझ्या वाडीत आला होता तुझा सासरा. हसून हसून खाली बसला. म्हणाला, 'इनास, आपले दगड दोन हजार वर्षांचे झाले. रोमवाल्यांनी रचले.' मी म्हटलं, मग सांग की तिला. तर म्हणाला, 'चार म्हैन्यांनी हसली हाय. दगड कुटं पलून जातात? सांगू कवातरी.'"

मी स्वयंपाकघरात गेले. चहाचं आधण ठेवलं आणि गॅस लावायचा विसरले. बराच वेळ त्या पातेल्याकडे पाहत उभी होते.

पहिल्यांदा शरमच वाटली. सहा वर्षं, अण्णा! सहा वर्षं दर नवीन वर्गाला मी ते दगड पडद्यावर दाखवले. "मुलांनो, हे अंतर बघा किती अचूक आहे." स्नेहसंमेलनात पालकांपुढे बोलले, तेव्हा तुम्ही पुढच्या रांगेत बसून ऐकलंत आणि टाळ्याही वाजवल्यात. वीतभर खुंटी न सरकवणारा माणूस माझ्यासाठी अख्खा रस्ता डोंगरावर चढवून बसला, आणि मला कळूही दिलं नाही. मी काय लहान होते? काचेची होते? एकदा सांगितलं असतंत तर रडले असते, चिडले असते, आणि मग हसलेही असते. आपण दोघं मिळून हसलो असतो. ते हसणं तुम्ही इनासकाकांच्या वाडीत एकट्याने हसून घेतलंत.

मग हळूहळू दुसरं आठवू लागलं. "खिंडीत जाऊ परत एकदा," तुम्ही किती वेळा म्हणालात. मी दर वेळी म्हटलं, पुढच्या रविवारी. मग परीक्षा, मग निवडणुकीची ड्यूटी, मग माझी पाठ, शेवटी तुमचा गुडघा. तिथे, त्या दगडांपाशीच तुम्हाला सांगायचं होतं, हो ना? घरात, टीव्हीसमोर सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती. आणि दवाखान्यात शेवटच्या आदल्या दिवशी तुम्ही मास्क बाजूला करून म्हणालात, "बाय, ते दगड..." मी मास्क पुन्हा लावला. म्हटलं, अण्णा, बोलू नका, दम लागतोय. नंतर बोलू.

दहा दिवस मी हे वाक्य ऐकते आहे. माझंच वाक्य आहे.

नकाशा पुरा करताना तुम्ही सगळा रस्ता शाईत काढलात आणि खिंडीतला तुकडा पेन्सिलीने. मी विचारलं तेव्हा म्हणालात, "तेवढी मोजनी तुझी. शाई तू भर." मला तो मान वाटला होता. मी मैत्रिणींना सांगत सुटले होते. आता वाटतं, तुम्ही तुमच्या हाताने तिथे शाई लावूच शकला नसतात. खोटं बोललात, पण लिहिलं नाहीत. आणि लिहायची वेळ आली तेव्हा हळूच माझ्यावर ढकललंत. हे बरं केलंत का, सांगा बरं?

संदीप म्हणाला, "गिरवून टाक गं. अण्णांच्या नावाने लागणार आहे. मधेच तुटलेला रस्ता कसा दिसेल? आणि इनासकाका सोडले तर कुणाला कळणार आहे?" तो वाईट बोलला नाही. बापाचं नाव भिंतीवर नीट लागावं असं त्याला वाटतं. मलाही वाटतं. पेन्सिलीवर शाई फिरवायला पाच मिनिटं पुरली असती. इतकी वर्षं मुलांना जे सांगितलं ते खरं राहिलं असतं, तुमचा नकाशा अखंड दिसला असता, आणि लोकांनी वाहवा केली असती.

गेल्या रविवारी मी संदीपला घेऊन डोंगरात गेले. चौकीवरच्या गार्डने वहीत नाव लिहिताना विचारलं, "आजोबा नाय आले?" संदीपने सांगितलं. त्याने पेन खाली ठेवला, टोपी काढली आणि आमच्याकडून सही घ्यायची विसरला.

आम्ही खिंडीकडे गेलो नाही. तुम्ही म्हणायचात त्या खालच्या सोंडेने गेलो. काही सापडलं नाही, अण्णा. एक दगडसुद्धा मनुष्याने ठेवल्यासारखा दिसला नाही. पण वळसा पुरा होईपर्यंत संदीप ऑफिसच्या गोष्टी सांगत होता. संदीप, ज्याला आपल्या जिन्यात दुसऱ्या मजल्यावर धाप लागून थांबावं लागतं! तो न थांबता बोलत होता आणि आम्ही पलीकडच्या उतारावर आलो होतो. तिथे जांभळाखाली झरा होता. मी त्याला काही सांगितलं नाही. ओंजळीने पाणी प्यायले आणि तिथेच बसून रडले. तो बिचारा घाबरला. मी म्हटलं, काही नाही, मी वाद हरले.

मग ती वाट तरी शाईत काढावी का? तेही करवत नाही. पटणं वेगळं आणि सापडणं वेगळं, हे शिकवायला तुम्ही नऊ वर्षं माझ्याबरोबर पायपीट केलीत. तिथे तुमचा एकही चिंचोका इकडचा तिकडे झालेला नाही.

आज दुपारी मी खोडरबर घेतला. तुमची पेन्सिल किती हलकी होती, दोन वेळा फिरवल्यावर काही उरलं नाही. कागद तिथे थोडा जास्त पांढरा दिसतो, तेवढंच. मग पेन उघडलं आणि मोकळ्या जागेत माझ्या फळ्यावरच्या अक्षरात लिहिलं: "येथे आम्हांला रस्ता सापडला नाही. खिंडीतील दगड मोजणी खात्याचे आहेत." खाली तुमचं नाव लिहिलं, मग माझं.

अण्णा, त्या चार महिन्यांत मला वाटत होतं की मला वडील उरले नाहीत. ते तसं नव्हतं. हे तुम्हाला सांगायचं होतं, आणि मी मास्क लावून बसले.

संध्याकाळी ग्रंथपालांना फोन केला आणि काय लिहिलंय ते वाचून दाखवलं. मग ते म्हणाले, "मॅडम, विचार करा. सगळ्यात आधी लोकांची नजर त्या मोकळ्या जागेवरच जाईल. येणारा प्रत्येक जण विचारेल, इथे काय झालं?"

"विचारू देत," मी म्हटलं. "मी दिवसभर तिथेच उभी राहणार आहे. मला सांगायचंच आहे."